वारा गाळणारा गडगा

मित्रांनो, मी एक जुना दगडी गडगा आहे, आणि दगड असूनही मला स्वस्थ बसवत नाही.

माझ्या आसपास टेकडीवर पुष्कळ दगड पडलेले आहेत. ते कसे निवांत असतात. पाऊस आला, भिजले. ऊन आले, वाळले. मेंढी अंगावर येऊन बसली, तर बसली. एकेकाळी मीही त्यांच्यासारखाच विखरून पडलो होतो आणि मला कशाची काळजी नव्हती. पण एकदा कुणी तुम्हाला एकावर एक रचले आणि तुमच्या पोटात काही जिवंत ठेवले, की तुमचा निवांतपणा संपलाच म्हणून समजा. तेव्हापासून मी आभाळाकडे बघत असतो. पश्चिमेला काळोखी आली की माझे लहान दगड आपोआप खडखडू लागतात.

मी गोल आहे. माणसाच्या छातीइतका उंच, आणि आत दोन खाटा जेमतेम मावतील एवढाच रुंद. मला दार नाही. आत यायचे तर भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडांवर पाय ठेवून चढावे आणि वरून आत उतरावे लागते. तुमच्या गावी मोकाट गुरे कोंडायचा कोंडवाडा असतो ना? मी त्याच्या अगदी उलट. आमच्याकडे मेंढरे बाहेर मोकळी फिरतात आणि आत कोंडलेली असतात ती रोपे. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात आमची शेटलंड बेटे आहेत, तिथे मला क्रब म्हणतात.

ही रोपे केलची. केल म्हणजे कोबीचीच बहीण, पण कोबीसारखी गड्डा धरून मिटून बसणारी नव्हे. जाड, सुरकुतलेली पाने पसरून ती बर्फातही उभी राहते. आमच्या बेटावर झाड म्हणून नाही, वाऱ्याने ते ठेवलेलेच नाही. उन्हाळा येतो आणि ओळख पटायच्या आत निघून जातो. अशा ठिकाणी हिवाळाभर हिरवे पान देणारी ही एकच भाजी. खारवून चुलीवर टांगलेल्या मटणाच्या रश्शात ती पडली, सोबत ओटची भाकरी असली, की घर जेवले. उरलेली पाने गाईला.

तुम्ही विचाराल, मग ही रोपे घराजवळच्या परसात का नाही वाढवत? इतक्या वर, टेकडीवर कशाला? त्याचे कारण मातीत आहे. परसात वर्षानुवर्षे केल लावून त्या मातीत एक रोग मुरतो. कोवळ्या मुळांना गाठी येतात, संधिवाताने सुजलेल्या बोटांसारखी ती वेडीवाकडी होतात आणि रोप खुरटते. टेकडीवरची माती गरीब, पण निरोगी. म्हणून उन्हाळा उतरणीला लागला की बी इथे माझ्यात पेरायचे. तान्ह्या रोपांनी शरद आणि हिवाळा माझ्या कुशीत काढायचा. वसंतात, मुळे दणकट झाली, की त्यांना खाली परसात न्यायचे. म्हणजे मी एक पाळणाच आहे म्हणा ना. फक्त या पाळण्याला झोका देतो तो वारा, आणि त्याला हळू म्हणजे काय ते ठाऊक नाही.

मला रचले रास्मी नावाच्या कोळ्याने, पण घडवले त्याच्या बायकोने, गर्झीने. रास्मीला घाई होती. होड्या समुद्रात जायच्या बेतात होत्या. दगड रचून झाले तेव्हा मधल्या फटी बारीक खड्यांनी आणि गवताच्या ढेपांनी लिंपून टाकाव्यात आणि मोकळे व्हावे, असा त्याचा विचार होता. गर्झी आत उतरली. तिने भिंतीला गाल लावला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

"फटी राहू द्या," ती म्हणाली. "वारा अडवायचा नाही, गाळायचा. अडवलेला वारा भिंतीवरून उडी मारतो आणि आत येऊन पिसाळतो. गाळलेला वारा गाईसारखा शिरतो."

"म्हणजे मी एवढे दगड वाहिले ते चाळण बांधायला?"

"चहा गाळून पिता ना? मग."

रास्मीने फटी ठेवल्या, पण आयुष्यभर मला तो 'गर्झीची चाळण' म्हणत राहिला. मला त्या नावाचा राग कधी आला नाही.

माझी कामाची वर्षे फार चांगली गेली. गवताची कापणी आटोपली की गर्झी वर यायची. आधी माझ्यातले सगळे तण ती मुळासकट उपटायची. तुटलेले मूळ मागे राहिले की ते तिला झोपेत टोचायचे, असे ती म्हणत असे. मग किनाऱ्यावरचे समुद्रशेवाळ पाठीवरच्या टोपलीतून वर यायचे. तेही ताजे नाही. उन्हाळाभर पावसाने मीठ धुऊन निघालेले, काळे, मऊ पडलेले. त्यावर चुलीतली राख. मग फावड्याने माती उलथायची, ढेकळे बोटांनी फोडायची, आणि एवढे सगळे भुसभुशीत केल्यावर त्याच मातीवर टाचा दाबत गोल गोल चालायचे. नवख्या माणसाला वाटायचे, ही बाई केलेले काम मोडते आहे. पण पोकळ मातीत केलचे मूळ धरत नाही, मित्रांनो. त्याला घट्ट मिठी लागते. शेवटी बी विरळ पेरायचे आणि वरून मासेमारीचे जुने जाळे अंथरायचे, पाखरांनी बी टिपू नये म्हणून.

पेरणीने काम संपत नसे. दाट उगवली तर रोपे विरळ करायची. गोगलगायी आल्या तर भोवती राख टाकायची. कडाक्याचे दंव पडले की माती फुगते आणि रोपे मुळांसकट वर उचलली जातात. ती एकेक करून बोटांनी पुन्हा दाबून बसवायची. रोपे माझ्यात असली की मला काळजी लागायची, आणि वसंतात ती खाली गेली की मी रिकामा व्हायचो आणि मला त्याहून बेचैन व्हायचे. मधले ते लांबलचक, उजेडाचे दिवस मला सरता सरत नसत. मी खाली परसाकडे बघत बसायचो. माझी रोपे तिथे पान पान वाढत असायची आणि मला हाक मारता यायची नाही.

गर्झीच्या घरचे बी गर्झीच्या घरचेच. दर वर्षी परसातली सगळ्यात उत्तम दोन-तीन झाडे न कापता राखायची, ती पिवळी फुलायची, शेंगा धरायची, आणि ते बी लोकरीच्या मोज्यात भरून चुलीजवळच्या तुळईला टांगायचे. रोपे मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना मुक्तहस्ते मिळायची. ज्यांच्याकडे क्रब नव्हता ते सगळे माझ्याकडे यायचे.

आणि इथे एक रीत आहे, ती नीट ऐका. आमच्याकडे रोपे नेताना कुणी आभार मानत नाही. आभार मानले की देण्याघेण्याचा धागा तुटतो, आणि धागा तुटलेले रोप रुजत नाही, असे सगळे मानतात. मग न्यायची कशी? नावे ठेवून. माझ्या भिंतीशी उभे राहून माणसे अशी नावे ठेवायची की ऐकत राहावे.

"ही काय रोपं म्हणायची, गर्झी? आमच्या म्हाताऱ्याच्या मिशा याहून दाट आहेत."

"मग त्याच लाव जा परसात."

असे बोलायचे, टोपली भरायची आणि हसत उतरायचे. मला तीच माझी स्तुती वाटायची.

रास्मी गेला, गर्झीही गेली. मोजा आणि मी त्यांच्या नातीकडे, ऑस्लाकडे आलो. ऑस्लाने लग्न केले नाही. ती आजीसारखीच सडपातळ, चपळ आणि जिभेची तिखट. काम करता करता ती माझ्याशी बोलायची. माझ्यात उकिडवे बसले की वारा निवतो, म्हणून मनातले बोलायला ही जागा बरी पडते. मला जे काही माहीत आहे ते असेच कळले आहे.

वरच्या अंगाला गिबीचे घर. गिबी मेंढ्या पाळायचा. त्याच्या घरी क्रब नव्हता, पण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या परसात माझीच रोपे असायची. त्याचे लग्न जरा उशिरा झाले. त्याची बायको एल्स्पेट मुख्य भूमीवरची, शहरात वाढलेली, मृदू बोलण्याची. त्या वसंतात ऑस्लाने नव्या नवरीला रोपांची भरगच्च जुडी दिली. एल्स्पेटला लहानपणापासून शिकवलेले, की कुणी काही दिले तर आभार मानावेत. शिकवण चांगलीच, पण रीत तिला कुणी सांगितली नव्हती. तिने ऑस्लाचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मनापासून आभार, ऑस्लाबाई. हे उपकार मी विसरायची नाही."

ऑस्लाचा चेहरा असा झाला, की जणू कुणी वाफ्यात पाय ठेवला. एवढ्यावर न थांबता दुसऱ्या दिवशी एल्स्पेटने तिला केकही पाठवला.

त्या वसंतात पूर्वेचा कोरडा वारा सुटला तो थांबेना. गिबीच्या परसातली सगळी रोपे सुकून गेली. ती वाऱ्याने मेली, मित्रांनो. मी टेकडीवरून पाहत होतो. त्यांचे परस पूर्वेला उघडे आहे आणि वारा थेट मुळाशी शिरत होता. पण ऑस्ला दुकानाच्या दारात चारचौघींत बोलून गेली, "रोपं जिभेनं मारली बाईनं." एल्स्पेट तेव्हा दुकानातच उभी होती.

संध्याकाळी गिबी माझ्या भिंतीशी आला. तो बाहेर, ऑस्ला आत, मध्ये मी. काय काय बोलले ते मी सांगणार नाही. एवढेच सांगतो, की त्या दिवसापासून दोन घरांचे बोलणे बंद झाले आणि गिबीच्या परसात केल लागणे थांबले. त्यांच्या मेंढ्यांना मात्र भांडण कळले नाही. त्या पूर्वीसारख्याच माझ्या भोवती येऊन आत नाक खुपसू पाहायच्या.

मग काळच पालटला. दुकानात जहाजाने गोल गोल कोबी येऊ लागला. तरुण माणसे समुद्रातल्या तेलविहिरींच्या कामावर गेली ती तिकडचीच झाली. खाडीकाठची घरे एकामागून एक बंद पडली. टेकडीवर माझे पुष्कळ भाऊबंद होते. कुणी ढासळला, कुणाचे दगड रस्त्याच्या भरावासाठी गेले. रोपे न्यायला कुणी येईना. नावे ठेवणारा आवाज ऐकून मला कितीतरी वर्षे झाली. ऑस्ला तेवढी येत राहिली. तिचे केस पिकले, पाठ दुखू लागली, पण उन्हाळा कलला की टोपली पाठीला लावून ती वर यायचीच.

मग ओळीने दोन वाईट वर्षे आली. पहिल्या हिवाळ्यात बर्फ इतके साठले की माझ्या भिंतीला बाहेरून उतारच तयार झाला. मेंढ्या त्यावरून थेट आत चालत आल्या आणि त्यांनी एक पान ठेवले नाही. त्यामुळे पुढच्या वसंतात परसात लावायला रोपेच नव्हती. ऑस्लाने जुनी झाडे बियांसाठी राखली, तर ती फुलावर असताना उन्हाळी वादळाने बुंध्यातून मोडली. आता उरले ते मोज्याच्या टोकाशी पडलेले जुने बी. मूठभर. आणखी एक वर्ष ठेवले तर त्यात जीव राहील याची खात्री नव्हती. बाकी घरे बंद. गिबीकडे काही नाही. म्हणजे गर्झीची केल या जगात त्या मुठीएवढी शिल्लक होती.

त्या वर्षी ऑस्लाने माझी माती जशी तयार केली तशी कुणीच कधी केली नसेल. शेवाळ चाळून घेतले. राख चाळून घेतली. मग एकेक बी मोजून टाकले. जाळे अंथरून झाल्यावर ती माझ्या भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "आता तू आणि मी. बघ बाबा."

मी बघत होतो. दुसरे करणार काय? दिवस गेले, माती काळीच. मग एका सकाळी एका जागी मातीला चीर पडली, आणि तिथून दोन इवलीशी गोल पाने वर आली. मग आणखी. सगळे उगवले नाही, पण बरेच उगवले. ऑस्ला वर आली, तिने पाहिले, आणि तिथेच गुडघ्यांवर बसून राहिली.

मित्रांनो, आनंद झाला त्याच दिवशी तिच्या मनात भीतीही शिरली.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या पश्चिमेच्या एका फटीत गवताची ढेप कोंबली. तिथून वारा जरा जास्त येतो, असे तिला वाटले. मग शेजारची फट. मग रोज एखादी. ढेपा संपल्या तेव्हा तिने जुनी पोती आणली, पोती संपली तेव्हा विटलेली लोकर. मी आतून तळमळत होतो. मला गर्झीचा गाल आठवत होता. पण दगडाला खडखडण्यापलीकडे काय येते? आणि आता तर खडखडायलाही वाव उरला नव्हता.

आतली हवा बंद खोलीसारखी झाली. रोपे भराभर उंच झाली, पण फिकट, लुसलुशीत, मान टाकणारी. ऑस्लाला वाटे, काय छान वाढताहेत.

गिबी मेंढ्यांमागे जाताना हे बघायचा. तिच्याशी तो बोलत नव्हता, म्हणून तिला ऐकू जाईल अशा आवाजात कुत्र्याला म्हणाला, "बघ रे बाबा, लोक आता दगडांना स्वेटर घालायला लागले."

ऑस्ला रोपांना म्हणाली, "काही लोकांच्या मेंढ्यांना स्वेटर आहेत गं, पण अक्कल धन्यावर गेली आहे."

कुत्रा बिचारा दोघांकडे बघून शेपूट हलवत राहिला.

मग शरदातले पहिले मोठे वादळ आले. भर दुपारी समुद्र पांढरा झाला. माणसाला उभे राहता येईना, ऑस्ला खाली खिडकीशी अडकली. वारा पश्चिमेकडून आला आणि माझ्यावर धडकला. एरवी तो माझ्या फटींतून शिट्ट्या घालत शिरायचा, थकायचा, पलीकडे निघून जायचा. आज त्याला वाट नव्हती. तो वर चढला, माझ्यावरून त्याने उडी मारली आणि आत पडला. ताक घुसळावे तसा तो माझ्या पोटात फिरू लागला. जाळे फाटले. लांब मानेची ती रोपे एकामागून एक उपटली गेली. आणि बाहेरून त्याचा रेटा इतका वाढला, की माझी पश्चिमेची बाजू पोट फुगल्यासारखी आत आली आणि कोसळली. थोडी रोपे त्या दगडांखाली गेली.

सकाळी वारा पडला होता. ऑस्ला वर आली तेव्हा खिंडारापाशी मेंढ्या गोळा झाल्या होत्या, आणि खिंडारात पाय फाकवून गिबी उभा होता. तो किती वेळ तसा उभा होता कोण जाणे. त्याच्या टोपीवरून पाणी ठिबकत होते. ऑस्लाने आत पाहिले. पूर्वेच्या भिंतीलगत काही रोपे अजून मातीला धरून होती. ती खाली वाकून एक दगड उचलू लागली, तो उचलेना.

गिबी कुत्र्याला म्हणाला, "तिला सांग, दगड उचलायला पाठ लागते."

"त्याला सांग, पाठ नसली तरी मला तोंड आहे."

"ते साऱ्या बेटाला माहीत आहे."

मग दोघे कामाला लागले. तो मोठे दगड बसवी, ती लहान दगड हाताशी देई. भिंत कमरेइतकी आली तेव्हा ऑस्लाने सवयीने गवताची एक ढेप उचलली आणि फटीत घालायला गेली. गिबीने तिचे मनगट धरले.

"ऑस्ला," तो म्हणाला. कितीतरी वर्षांनी त्याने तिचे नाव घेतले होते. "राहू दे ती."

"मला माहीत आहे रे," ती म्हणाली. "आजीनं मला इथंच उभं करून शिकवलंय."

"मग?"

"मग काय. शेवटचं होतं ते. शेवटचं असलं की माणूस भोकं बुजवत सुटतं."

तिने ती ढेप भिंतीपलीकडे टाकली. मग माझ्याभोवती फिरत तिने बाकीचे सगळे बोळे ओढून काढले, पोती, लोकर, सगळे. वारा आत आला. गाळून आला. माझे लहान दगड पुन्हा खडखडले, आणि मी किती दिवसांनी श्वास घेतला.

फाटलेल्या जाळ्याच्या जागी दुसरे जाळे घेऊन एल्स्पेट वर आली. दोघींनी दोन बाजू धरून जाळे अंथरले.

त्या वादळानंतर ऑस्लाची पाठ पूर्णच धरली. हिवाळाभर तिला चढ चढता आला नाही. दंव पडायचे, माती फुगायची, आणि उरलेली रोपे वर उचलली जायची. ती परत दाबायला कोण येणार, म्हणून मी वाटेकडे डोळे लावून बसायचो. येत असे ती एल्स्पेट. तिला कुणी सांगितले नव्हते. ती आत उतरायची, हातमोजे काढायची, आणि गारठलेल्या बोटांनी एकेका रोपाभोवतीची माती दाबायची. पण माझ्यात उतरताना ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. स्वतःशीसुद्धा पुटपुटायची नाही. आपल्या जिभेने रोपे मरतात, हे ती इतकी वर्षे मनात धरून होती. मला ओरडून सांगावेसे वाटायचे, अगं बाई, तो पूर्वेचा वारा होता, मी पाहिला आहे. पण दगडाचे कोण ऐकणार?

वसंत आला. रोपे मोजकीच, पण आता बुटकी, जाड बुंध्याची, वाऱ्याला ओळखणारी झाली होती. ऑस्ला काठी टेकत, थांबत थांबत वर आली. गिबी आणि एल्स्पेटही आले. ऑस्लाने रोपे उपटली, भिंतीवर ठेवली, आणि त्यांचे दोन सारखे वाटे केले.

"सगळी एकाच परसात नको," ती म्हणाली. "एका घरची मोडली तर दुसऱ्या घरी राहतील. हा तुझा वाटा, एल्स्पेट. आणि गिबी, पूर्वेच्या अंगाला आधी भिंत घाल. मागच्या वेळी वाऱ्यानं मारली होती ती. तेव्हाही मला दिसत होतं."

एल्स्पेटने जुडी हातात घेतली. तिचे डोळे भरून आले. तिने तोंड उघडले, आणि माझा दगड न्‌ दगड ताठ झाला. ऑस्लाने काठी घट्ट धरली. एल्स्पेटने तोंड मिटले. तिने जुडी उलटसुलट करून पाहिली, नाक मुरडले.

"ऑस्ला," ती म्हणाली, "असली मरतुकडी रोपं आमच्या बोकडापुढं टाकली तर तो माझ्याशी बोलायचा नाही. लाज नाही वाटत तुला?"

ऑस्लाने तोंड फिरवले. तिचे खांदे हलत होते. ती हसते आहे की रडते आहे ते मला मागून कळेना.

"नको असतील तर ठेव तिथंच," ती म्हणाली.

"ठेवते की. आमच्या परसात ठेवते."

गिबी कुत्र्याला म्हणाला, "चल रे. या दोघी बोलायला लागल्या, आता आपलं इथं काही खरं नाही."

रोपे दोन्ही परसांत रुजली. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दोन ठिकाणी पिवळी फुले आली. एका वर्षी ऑस्लाची झाडे मोडली, तेव्हा एल्स्पेटकडचे बी तिच्या मोज्यात आले. नंतर एका वर्षी त्याच्या उलट झाले. ऑस्ला आता नाही. तो मोजा एल्स्पेटच्या चुलीजवळ टांगलेला आहे. खाडीपलीकडची दोन-तीन घरे पुन्हा उघडली आहेत आणि तिथली माणसे वसंतात येऊन माझ्या भिंतीशी रोपांना वाटेल ते बोलतात. एल्स्पेट त्यांना शिकवते, नावे कशी ठेवायची ते.

पण मी थकलो आहे, मित्रांनो. उत्तरेला माझे दोन दगड सैल झाले आहेत. एल्स्पेटचे गुडघेही आता कुरकुरतात. उन्हाळा उतरणीला लागला आहे, कापलेल्या गवताचा वास वर येतो आहे, माझ्यातले तण गुडघाभर झाले आहे, आणि मी रिकामा आहे. म्हणून सकाळपासून वाटेकडे बघतो आहे. टोपली घेऊन कुणीतरी येईल. कुणी येवो, मला चालेल.

तुमच्या दारी वाफा असेल, कुंडी असेल, किंवा जपायला एखादे लहानसे कुणी असेल, तर माझे एवढे ऐका. त्याला वाऱ्यावर सोडू नका. त्याच्या मुळाशी माती घट्ट दाबा, दंव पडल्यावर पुन्हा दाबा. पण भीतीपोटी सगळ्या फटीही बुजवू नका. आणि तुमच्यापाशी जे शेवटचे उरले असेल ते एकट्याने छातीशी धरून बसू नका, अर्धे शेजारी द्या. भांडण असले तर आधी त्यालाच द्या.

आणि हो, माझी गोष्ट आवडली असली तर कृपा करून आभार मानू नका. "कसली मेली रटाळ गोष्ट, दगडाचीच ती," असे म्हणा, आणि घरी घेऊन जा.